शुक्रवारची बाटली

शुक्रवारी साडेचारला दाराची घंटा वाजते
आणि डिलिस प्रॉसर आत येतात.
चढ चढून आल्याचा दम आधी टेकवतात काउंटरवर,
मग पिशवी.
"तीच," म्हणतात. "फिरकीच्या बुचाची. थंड असेल तर."
थंड असतेच. सकाळीच मी ती मागच्या फ्रिजमध्ये आडवी घालते,
स्वान्सीच्या हवेत फ्रिज लागतोच कशाला, असं गॅरेथ म्हणाला तरी.

अल्बारिन्यो. स्पेनचा वायव्य कोपरा,
जिथे समुद्र बोटं पसरून आत घुसतो
आणि द्राक्षांचे मांडव खाडीला टेकतात, असं कार्डावर आहे.
कार्डावर आणखीही आहे: हिरवं सफरचंद, ओला दगड,
सोबत शिंपले, भाजलेला मासा, बकरीचं चीज.
मी ते पाढ्यांसारखं पाठ केलं होतं
आणि पहिल्याच आठवड्यात घडाघडा म्हणून दाखवलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मुली,
तीन वर्षं झाली, मला वास येत नाही.
एक ताप आला, उतरला, जाताना नाक घेऊन गेला.
टोस्ट म्हणजे पुठ्ठा. कोबी म्हणजे ओला पुठ्ठा.
हिच्यात निदान आंबट कळतं, आणि गार.
सफरचंदाचं नको सांगू. सफरचंद मला आठवतं.
मी कधीच न चाखलेलं काहीतरी सांग,
म्हणजे त्याची आठवण यायची नाही."

मागे एकजण बिअरचा क्रेट घेऊन ताटकळत होता.
मी म्हटलं, पपनस.
केवढं? बाळाच्या डोक्याएवढं.
सोलता सोलता नखं कडू होतात.
पुढच्या शुक्रवारी कैरीच्या देठाचा चीक सांगितला,
मग कधीतरी, वरवंटा धुतल्यावर पाट्यावर थांबलेलं पाणी.
एकदा काही सुचेचना, तर करवंद म्हणून मोकळी झाले.
साफ खोटं. त्या वाईनमध्ये करवंद औषधालाही नाही.
त्यांनी विश्वासाने मान डोलावली,
आणि मला रात्री धड झोप लागली नाही.

ते फेडायचं म्हणून एका शनिवारी बाजारातून
पेनक्लॉडचे कॉकल्स आणले, शिंपीसकट,
आमच्या तिसऱ्यांचे चुलतभाऊ, जरा गुबगुबीत,
आणि डिलिसबाईंच्या स्वयंपाकघरात एकशिपी करायला बसले.
त्यांची आई गाढव घेऊन ओहोटीच्या वाळूत जायची
हे त्यांनी कांदा चिरता चिरता सांगितलं.
"व्हिनेगर आणि पांढरी मिरी. दुसरं काही घालत नसू आम्ही."
मी ओलं खोबरं घातलं, चार आमसुलं,
आणि वेंगुर्ल्याहून आलेल्या पुडीतली तिरफळं.
तिरफळ बाजूला काढायचं असतं, चावायचं नसतं,
हे सांगायचं राहिलं.

बाई थांबल्या. चमचा हवेत.
"जिभेवरून कोण चाललंय?"
दात काढून आल्यावर चाचपतात तसे त्यांनी ओठ चाचपले,
वाईनचा घोट घेतला,
आणि त्या गार आंबटाने सगळ्या मुंग्या एकदम उठल्या.
नाक परत आलं नाही. मी तसं काही म्हणणार नाही.
खोबरं त्यांना कळलं नाही, कांदा कळला नाही,
पण त्यांनी ताटात बोट फिरवून दुसरं तिरफळ शोधलं
आणि मुद्दाम दाढेखाली घेतलं,
वात्रट पोरीसारखं, माझ्याकडे बघत.

टेबलावर रिकाम्या शिंपल्यांचा ढीग, बाटलीत बोटभर उरलेली.
खिडकीखालचा उपसागर मला अजून वाचता येत नाही,
भरती की ओहोटी, मी विचारलं.
"उतरतंय पाणी," त्या म्हणाल्या, न बघताच.

सोमवारी दुकानात कार्ड काढलं,
बकरीच्या चीजखाली पेनने एक शब्द वाढवला.
गॅरेथने चष्मा लावून तो दोनदा वाचला.
"हे कुठे मिळतं?"
म्हटलं, एका पुडीत. संपत आलीय.