सत्तावीस किलो

साखरीनाट्याहून मोटार आणली गोणपाटात गुंडाळून,
एसटीच्या मागच्या सीटवर, माझ्या मांडीला टेकवून.
कंडक्टर म्हणाला, हे काय, लहान मूल?
अर्धं तिकीट फाडलं.
पूर्णगडला उतरले तेव्हा साडीला रॉकेलचा वास
आणि निम्म्या गावाला ठाऊक झालेलं
ती कुठं लावायची ते.

माझी होडी दोन्ही टोकांना निमुळती.
मोटार घडवणाऱ्यांनी सपाट फळी धरली असणार,
कुठल्याशा गोड्या तळ्यातली, चौकोनी.
इथं मागं सुकाणू लोंबतं,
त्याला सरक म्हणून सांगायचं कुणी?
डावीकडे उलांडी, तिच्या दोन आडव्या काठ्या,
त्यांत पंखा अडकला तर संपलंच,
हे बाबल्या सांगतो, उरलेल्या चार बोटांनी दाखवून.
उजवीकडे म्हणावं,
तर उजवा वारा भरला की तीच बाजू उचलणार
आणि पंखा हवेत किंचाळत राहणार.
भाचा निरंजन, डिप्लोमावाला,
म्हणतो, आत्ये, तळालाच चौकोन कापू,
विहिरीसारखा, मोटार आत सोडू.
मी त्याला चहा दिला
आणि त्याच्या लग्नाचं विचारलं.

इसाक मिस्त्री आला तेव्हा ओहोटी लागलेली.
होडीभोवती एक फेरी, फळीवर बोटानं टकटक,
कान लावून थोडं थांबणं.
मोटारीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.
बस, म्हणाला. रोज बसतेस तिथंच.
सुकाणू काखेत घे. शिडाची दोरी डाव्या हातात.
आता डोळे मीट.
वारा पडलाय, मुखाशी लाट उभी आहे.
हात कुठं जातो?

वाळूत रुतलेल्या होडीत लाट आणायची
म्हणजे लाजच वाटली आधी, पोरं बघत होती.
पण मुख मला पाठ आहे,
दांडीवर फुटणारं पाणी
आणि फुटण्याआधीची ती गप्प जागा.
माझा उजवा खांदा दोनदा निखळलेला,
वर चढत नाही, मागं जातो तो थोडाच.
गेला तेवढा गेला, थांबला.
तिथं त्यानं कोळशानं रेघ ओढली.

सुकाणूच्या वीतभर पुढं, उजवा काठ.
पण ती बाजू उचलेल ना, मी म्हटलं.
उचलेल की. वाऱ्यानं उचलेल.
वारा असताना हिच्याशी तुझं काय काम?

फणसाचा जाड ठोकळा, तीन बोल्ट,
कापूस, चंद्रूस, वरून उंडीचं तेल.
त्यानं गिरमिट धरलं
तेव्हा मी घागर घेऊन नळावर गेले.
आले तर भोकं पाडून झालेली,
भुसा पिवळा, ओला, वाळूवर.

पाण्यात लोटली तर होडी मागं बसली,
उजवीकडे कलली, जरा रुसल्यासारखी.
निरमाचे दोन दगड पुढं नेले.
पुढच्या फळीवर पूर्वी वल्हं मारायला माणूस असे,
बहात्तर किलोचा, तंबाखू मळत.
दगड तिथंच ठेवले.
पुरले नाहीत. तिसरा घातला.
इसाक म्हणाला, बास, आता सरळ आहे.
मला अजून थोडी कललेली वाटते.

पहिले दोन दिवस जाताना मतलई,
येताना खारा वारा, भरून.
मोटार काठाला लटकलेली,
शेपटी वर, ठिबकत.
बाबल्या धक्क्यावरून ओरडला,
शोभेला आणलीस काय गो?

तिसऱ्या दिवशी वारा मेला, नेमका मुखापाशी.
शीड ओल्या गोधडीसारखं.
मी मागं पाहिलं नाही.
हात गेला.
चौथ्या ओढीला खोकली.