डावा हात

मनामात, आठवड्यातून तीनदा,
मशीन माझं रक्त काढून घेतं,
धुऊन परत देतं.
शेजारच्या खाटेवर जासिम, मोती काढणाऱ्याचा नातू.
म्हणतो, आजोबाही असेच श्वास मोजायचे.

डाव्या हातात फिस्टुला.
डॉक्टरीण म्हणाली, वजन नको, भाता नको.
पेटी सहा महिने खोळीत.

मग एका शुक्रवारी इंदुमती
एसी बंद करून समोर बसली.
भाता तिनं धरला.
वीस वर्षांत तिला ताल कळलेला नाही.
भूप मध्येच दमतो,
मध्येच उगाच फुगतो,
खालचा बिजू टीव्हीचा आवाज कमी करतो.

रात्री ती माझ्या मनगटाला कान लावते.
आत घूंऽऽ, अखंड.
"काळी दोन," म्हणते.

काळी एक आहे.
मी सांगत नाही.