चेकिंग सेक्शन

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
गेटवर कंपनीचं नाव अजून आहे,
फार्माचा फा तेवढा गळालाय.
शेडला सोमवारपर्यंत मुदत. मग जेसीबी.
तोवर ही मुलगी आत नाचणार म्हणते.

जुईली नाव. किसननगरला घरी आली,
चार जिने चढून, धाप न लागता.
म्हणाली, मावशी, तुमचे हात बघायचेत.
म्हटलं, रेषा असतील तर बघ,
भांड्यांनी ठेवल्यात कुठे.
तसं नाही, म्हणाली,
एकोणीस वर्षं हे हात काय करायचे, ते दाखवा.

रिकाम्या हातांनी कसं दाखवणार?
नातवाची पाच स्केचपेनं घेतली,
बोटांच्या बेचक्यांत धरली, मानेला, हलकेच.
मनगट फिरवलं. उलटं. सुलटं.
आधी काळ्या पाटीसमोर, मग पांढऱ्या.
काळ्यावर काच चमकते, धागा दिसतो,
पांढऱ्यावर कुसळ, कुणाचा तरी केस.
दहा मोजायचे.
पास उजवीकडे, रिजेक्ट डावीकडे.
दिवसाला बारा हजार,
आणि लघवीला दोनदा.

तिने करून दाखवलं. छानच केलं.
म्हटलं, बाई गं, एवढं नाचवू नकोस मनगट,
बुडबुडे उठतात.
बुडबुडा वर जातो, कुसळ खाली बसतं,
थांबल्याशिवाय कळत नाही कोण कुठला.
हे तिने वहीत लिहून घेतलं.
लिहिण्यासारखं काय होतं त्यात.

शनिवारी दिवेलागणीला आम्ही सहाजणी गेलो.
शकीला मुंब्र्याहून, सुनेला घेऊन.
शेजारच्या पत्र्यांआड सॅम्पल फ्लॅट झालाय,
तो आधी बघून आलो.
फ्रिजमध्ये थर्माकोलची सफरचंदं.
लीलाम्मा म्हणाली, धुळीला बरी आहेत.

आत जमिनीवर चुन्याने बाकं आखलेली,
जिथल्या तिथे. चौथं तिरकं,
खांबामुळे तिरकं होतं ते, मीच सांगितलेलं.
आणि वरून नायलॉनच्या दोऱ्यांना
ॲम्प्यूल. हजारो.
गोडाऊनमध्ये सापडलेला माल,
मुदत संपून अकरा वर्षं झालेला.
औषध अजून तसंच नितळ.

गाणं नव्हतं. एक्झॉस्ट फॅन तेवढा घरघरत होता.
ती माझ्या जागेवर उभी राहिली,
मग शकीलाच्या, मग एकेकीच्या.
मान वाकडी, डावा खांदा वर,
तो खांदा आम्हा सहाजणींना अजून आहे.
कमलच्या चौकोनात पाय नाही टाकला,
कडेकडेने वळून गेली.
कमलचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

मधेच डोळ्यांच्या रेषेत एक ॲम्प्यूल हललं.
तळाशी धागा. पांढरा, नखाएवढा.
मी कधी उठले कळलं नाही.
चपला खुर्चीखालीच राहिल्या.
दोरा तोडला, फिरवलं, उलटं केलं,
दहा मोजले,
चुन्याच्या बाकावर डावीकडे ठेवलं.

टाळ्या पडल्या.
लोकांना वाटलं, बसवलेलंच आहे.
जुईलीही थांबून बघत होती,
हात तिचे हवेतच.
शकीलाने टाळी वाजवली नाही.
बसल्या जागेवरून म्हणाली,
कुंदा, माझ्या लायनीत दोन आहेत.

निघताना बिल्डरच्या माणसाने
सगळ्यांना पाण्याची बाटली दिली.
आम्ही सहाहीजणींनी
ती आधी दिव्यासमोर धरली.
तो हसला. हसू दे.

गेटापाशी मागे वळले.
हॅलोजनच्या झोतात
शेडभर धूळ तरंगत होती.
वर जात नव्हती, खालीही बसत नव्हती.
मी दहा मोजले.
पुन्हा दहा मोजले.
हात कुठल्या बाजूला न्यावा, समजेना.