खालचं चाक

सकाळी सव्वापाचला मी रुळावर चढते.
हर्णैचा सडा अजून गार,
खाली बंदरात बर्फाची गाडी पाठीमागे येतेय, पींपीं करत.
पट्ट्याला दोन हूक, हातात पाव किलोचा हातोडा,
आणि बोल्ट एक हजार सहाशे बारा.

घट्ट बोल्ट टण् म्हणतो.
सैल बोल्ट थप्प करून गप्प,
उसने पैसे मागितल्यावर मेहुणा होतो तसा.

हे अब्बास धामसकरांनी शिकवलं.
बावीस वर्षं आखातात पाळणे उभारले त्यांनी.
चहाच्या ग्लासवर बोट फिरवत सांगतात:
आधी सगळं लाकडाचं होतं, द्वारके.
फळ्या, खिळे, वर लोखंडाची पट्टी.
कुरकुरायचं, हलायचं, भीती फुकटात मिळायची.
मग कुणीतरी पोलादाची नळी वाकवली,
चाकांनी तिला तीन बाजूंनी धरलं,
आणि वाट आभाळातसुद्धा वळायला लागली.

पहिली चक्रं बांगडीसारखी गोल. माना अवघडायच्या.
मग थेंबासारखी केली, माथ्याशी आवळ, पायाशी ऐसपैस.
नंतर काय, सुटलेच लोक:
रुळाखाली लटकवणारा, वटवाघळासारखा,
पोटावर झोपवून नेणारा,
पायाखालची फळीच काढून घेणारा,
साखळीबिखळी नाही, नुसत्या चुंबकांच्या जोरावर
"या अल्लाह" पुरतं म्हणायच्या आत सुटणारा.
आणि एक, कड्यावर नेऊन तीन सेकंद थांबतो.
खाली बघ म्हणतो.
तो सगळ्यांत हरामी.

आमचा यांतला कुठलाच नाही.
बंद पडलेल्या कुठल्यातरी बागेतला, अकरा कंटेनरांतून आलेला.
हिरवा रंग खरवडला तर पिवळा,
पिवळ्याखाली कुणाच्या तरी लिपीतले आकडे.
एक चक्र, एक भोवरा, दोन डोंगर.
खारा वारा त्याला रोज थोडा थोडा खातो,
मी रोज थोडा थोडा रंगवते.

माघात नवी चाकं बसवली.
माणसांऐवजी वाळूच्या गोण्या, भर दुपारी चाचणी.
पहिला डोंगर उतरली गाडी, दुसऱ्याच्या माथ्यापाशी
दमली, विचार केला, मागे आली,
पुढे-मागे, पुढे-मागे,
आणि दरीत थांबली.

मालक फोनवर. अब्बासचाचा घामात.
बाबांना कुणी बोलावलं नव्हतं.
हिरू तांडेल म्हणाले होते, पैसे देऊन पोटात खड्डा पाडून घ्यायचा?
आम्हाला तो फुकट पडतो.
तरी आले, सोबत सात खारवी आणि नांगराचा दोर.
गाडीकडे त्यांनी बघितलंच नाही.
सुरूचे शेंडे बघितले.

"तुमचा दुसरा डोंगर पश्चिमेला तोंड करून.
नवी चाकं आखडलेली, वर दुपारचा खारा वारा.
होडी असती तर मी सोडलीच नसती.
पहाटे मतलईवर सोडा, मागून ढकलेल."

चाचांनी मान हलवली. कागदात हे होतं, म्हणाले,
आकड्यांत होतं.

मग कप्पी बांधली, दोर ओढला.
होडी वाळूवर घेताना देतात तीच आरोळी
वीस मीटर उंच पोलादावर आदळून परत आली.
गोण्या माथा ओलांडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी, सहाला पाच कमी,
बाबा शेवटच्या बाकावर बसले. तांडेल मागेच बसतो.
चाचा हसले: माथ्यावर मागचा डबाच जास्त उडतो, सांगू का त्यांना?
नको म्हटलं.

साखळीची टक् टक्, मग साखळी सुटल्याचा शांतपणा.
मी खाली, हात ब्रेकवर,
आणि मला दिसत होतं फक्त खालचं चाक,
जे एरवी उगीच फिरतं, वजन घेत नाही,
त्याचं काम एकाच जागी,
जिथे सगळं वर सुटू बघतं.

गाडी आली. टोपी गेली होती.
बराच वेळ दांडा सोडला नाही त्यांनी.
मग विचारलं,
"ते खालचं चाक. त्याला ग्रीस
तूच भरतेस ना?"