भीत

बुराई नदीच्या अलीकडे, शाळेच्या पाठीमागे
एक काळी भीत आहे. कुणी बांधलेली नाही.
गाव म्हणतं, राक्षसानं एका रात्रीत रचायला घेतली,
कोंबडा आरवला, तो काम टाकून पळाला,
म्हणून खळ्यापाशी ती एकदम तुटते.

मी नववीला भूगोल शिकवतो.
फळ्यावर पृथ्वी काढली: कवच, प्रावरण, गाभा.
लाल खडू संपला म्हणून गाभा पिवळाच राहिला.
मागच्या बाकावर एक जांभई निघाली
आणि बाकाबाकाने पुढे सरकत
माझ्यापर्यंत आली.

मग पोरांना भितीपाशीच नेलं.
हात लावा, म्हटलं. मार्चचं ऊन, पोरांनी हात झटकले.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हिला हात कुठला लावता!
जमीन तडकली, मैलोन्‌मैल, खालून लाव्हा चढला.
काही वर येऊन पसरला, थरावर थर,
ज्याची माती होऊन आज तुमची कपाशी उभी आहे.
काही वाटेतच अडकला,
भेगेतच थिजला.
पुढे ऊन, वारा, पाऊस. आजूबाजूचं झिजून गेलं
आणि भेग उरली.

"भेग कशी उरंल, सर?" हिरामण हसला.
मीही थांबलो.
खरंच की. ज्याला आपण भीत म्हणतो
ती भरलेली भेग आहे,
उभी.

रमिला मालचे खाली वाकून बघत होती.
"हाई सरपण कोनी रची?"
आडवे, पाचकोनी, एकावर एक दगडी ओंडके.
थंडीनं रचलं, म्हटलं. दोन्ही अंगांनी गार होत गेला,
आकसला, बाहेरून आत तडकत गेला.
तिनं वहीत पाच रेघा मारल्या, एक खोडली,
आणि मी न शिकवलेलं काही बोलली:

"वरल्या अंगाले आमना काकानी विहीर.
वैशाखमा बी दोन पुरुष पानी.
खालल्या अंगाले गुलाबतात्यानी, साठ फूट, कोरडी.
तात्या म्हनतस, काकानी मंतरी.
बारा वरीस बोलतस नही."

मग वहीत तिनं जमीन उभी कापली.
वरून उतरणारा बाण काढला, भितीशी आणून
मोडला.
पानाखाली पेन्सिल दाबून दाबून लिहिलं:
मंतर नही. दगड.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत
गुलाबतात्या फाटकाशी उभे. टोपी हातात.
नातवानं घरी सगळं सांगितलेलं.
बराच वेळ कपाशीच्या भावाचं बोलले,
मग भितीकडे न बघता म्हणाले,
"मास्तर, तिले भोक पाडता यी का?"

पुस्तकात ह्याचं उत्तर नाही.
मी माठातलं पाणी दिलं.
वरच्या विहिरीचं होतं ते, त्यांनाही ठाऊक होतं.
तांब्या हातात धरून जरा थांबले.
मग प्याले.