परस्पर संमतीने

मंगळवारी दुपारी क्लबनं एका ओळीत सांगून टाकलं:
पाप्रोत्नी आणि आम्ही
परस्पर संमतीनं वेगळे होत आहोत.
संध्याकाळी अलोइझीच्या कबुतरखान्यापाशी
आम्ही पाचजण जमलो. सहावी त्राउदा,
ती बाटल्या घेऊन आली.

मार्च संपत आला तरी सायलेशियात थंडी अशी
की शब्द तोंडाबाहेर पडून
जरा वेळ तिथंच उभे राहत होते.

अलोइझी म्हणाला, सुटलो एकदाचे.
तीन सेंटरबॅक लावतो, आणि तिघंही एकमेकांना
'तुम्ही घ्या, नाही नाही, आधी तुम्ही' करत बसतात.
हा कोच नव्हे, लग्नातला यजमान.

गेरार्द म्हणाला, स्ट्रायकर कुठं ठेवला त्याला?
जानेवारीत विकला, आणि त्या पैशात
स्टँडवरचे पत्रे बदलले.
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पत्रे गळत होते, एवाल्ड म्हणाला.
बचावफळीही, अलोइझी म्हणाला.

मग हातमोजे काढून बोटांवर हिशेब:
अकरा सामने, दोन विजय,
त्यातला एक समोरच्या गोलकीपरनं दान केलेला.
बरं, आणि दोन वर्षांपूर्वी?
तिसऱ्या डिव्हिजनच्या चिखलातून वर कुणी काढलं?
तेव्हा ह्याच अलोइझीनं
नव्या पिल्लाचं नाव पाप्रोत्नी ठेवलं होतं.
ते पिल्लू आता थोराड नर झालंय,
निळं, पंखांवर चौकडी,
छपराच्या कडेवर बसून
आमची सभा ऐकत होतं.

बदल आता त्याचं नाव, कुणीतरी म्हणालं.
हाकेला येतो तो, अलोइझी म्हणाला. कसं बदलू?

पुढं काय होणार त्याचं?
गेरार्दच्या मते उन्हाळ्याच्या आत
दक्षिणेकडचा एखादा क्लब उचलेल.
एवाल्डच्या मते टीव्हीवर बसेल, टाय लावून,
दुसऱ्यांच्या बचावफळीला नावं ठेवेल,
आणि तिथं मात्र बरोबर सांगेल.
त्रेपन्नाव्या वर्षी कोण विचारतंय, ब्रूनो म्हणाला,
आणि बाटलीचं झाकण
उघडून परत लावत बसला.
खाण बंद झाली तेव्हा तोही त्रेपन्नाचा.
त्याच्याही कागदावर हेच दोन शब्द होते.
आपली संमती नेमकी कुठल्या खिशात होती
हे त्याला आजवर सापडलेलं नाही.

त्राउदा क्लबचे कपडे धुते.
ती म्हणाली, सकाळी आला होता खाली,
आपला ट्रॅकसूट स्वतः धुऊन, घडी घालून.
छातीवरची दोन अक्षरं
ब्लेडनं उसवून काढली होती,
एक धागा राहिला नव्हता.
म्हणाला, पुढच्याला होईल. साइझ एक्सएल आहे.
आणखी काय म्हणाला?
आणखी काही नाही. ड्रायर आवाज करतोय म्हणाला,
बेल्ट बदलून घ्या.

ह्यावर अलोइझीलाही
काही सुचलं नाही.

मी तर आधीपासूनच गप्प होतो.
शनिवारी कोपऱ्यातून 'बाहेर! बाहेर!' सुरू झालं
त्यातला पहिला आवाज माझा होता.
नंतर चार हजार आले, पण पहिला माझा,
आणि त्या एकट्या आवाजालाच तो वळला.
उणे चौदामध्ये एकदा
मी त्याच्या गाडीला माझ्या बॅटरीची वायर जोडली होती.
तेव्हा त्यानं माझं नाव विचारलं होतं,
मी सांगितलंही होतं.

अंधार पडला. बंद खाणीच्या मनोऱ्यावर
विमानांसाठीचा तांबडा दिवा लागला.
अलोइझीनं डब्यातले दाणे खुळखुळवले,
एकेक करत सगळी आत आली,
निळा नर सर्वांत शेवटी, तोऱ्यात.

नवा कोण येतोय? एवाल्डनं विचारलं.
कुणी चेक आहे म्हणे, गेरार्द म्हणाला, अडतीस वर्षांचा,
लॅपटॉप घेऊन फिरतो.
लॅपटॉपनं काय होतंय, ब्रूनो म्हणाला.
तीन सामने द्या त्याला, एवाल्ड म्हणाला.
दोन, गेरार्द म्हणाला.

अलोइझी खालच्या पेटीत डोकावत होता,
कालच अंड्यातून निघालेल्या
पिवळ्या, ओल्या, डोळे मिटलेल्या गोळ्याकडं.
काय नाव म्हणालास त्याचं?