कोकरू काढायचा हात

नारिनच्या दवाखान्यात रात्री अडीचला
बुरुल आली; म्हणजे तिला आणली
मुलाने, मेंढ्यांच्या ट्रकमधून.
बाहेर उणे एकतीस.
पापण्यांवरचा बर्फ आत येऊन वितळला
तेव्हा वाटलं, रडतेय.
रडत नव्हती. म्हणत होती,
ओठांभोवती मुंग्या आल्यात,
बोटांनाही, आणि पोटऱ्या दगड झाल्यात.

डॉक्टर कुबात, नवा, बिश्केकहून आलेला,
म्हणाला, घाबरलीय.
कागदी पिशवीत श्वास घेऊ दे, झोपेचं इंजेक्शन काढ.
मी वळले
आणि तिचा रुमाल सरकला.

गळ्यावर आडवी चीर, टाके अजून तसेच.
"कधी?"
"शुक्रवारी. गलगंड होता, आईसारखा."
त्या गाठीच्या पाठीला चार ग्रंथी असतात,
तांदळाच्या दाण्याएवढ्या.
दुखावल्या असतील,
किंवा गाठीबरोबर बादलीत गेल्या असतील.
बादलीत कोण बघतो?

मी वाद घातला नाही.
रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधला,
वरच्या आकड्याच्याही वर फुगवला
आणि धरून ठेवला.
भिंतीवर घड्याळ, कुबात दारात,
इंजेक्शन ट्रेमध्ये तसंच.
दुसऱ्या मिनिटाला तिचं मनगट
आपोआप वळलं.
बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली,
अंगठा तळव्यात शिरला.

पुस्तकात याला दाईचा हात म्हणतात.
बुरुल हाताकडे बघत राहिली.
"हा तर कोकरू काढायचा हात," ती म्हणाली.
"माझ्या म्हाताऱ्या मेंढ्या
व्यायच्या आधी अशाच थरथरून बसतात.
पशुवैद्य शिरेत चुना देतो."

कुबात लाल झाला. मग धावला, हे त्याचं चांगलं.
हृदयाचा आलेख काढला:
दोन लाटांमधलं अंतर
लांबच लांब, नको तितकं.
रक्त तपासायला गेलं, मॅग्नेशियमसुद्धा बघा म्हणाला;
निकालाची वाट मात्र पाहिली नाही.

कॅल्शियम ग्लुकोनेट, एक कुपी, पातळ केलेलं.
"हळू," तो म्हणाला. मला माहीत होतं.
घाईने ढकललं तर
ज्या हृदयासाठी देतोय तेच थांबतं.
दहा मिनिटं माझा अंगठा दट्ट्यावर,
एक डोळा पडद्यावर, एक शिरेवर:
सुई बाहेर निसटली तर कातडी जळते.
"गरम वाटतंय," ती पुटपुटली.
"वाटू दे."

सातव्या मिनिटाला करंगळी सुटली.
मग बाकीची, एकेक,
रुसलेली माणसं पंगतीला बसतात तशी.
सकाळपर्यंत थेंब थेंब चालू ठेवायचं होतं,
एका कुपीने हे भागत नाही.

उजाडायला कुबात पुन्हा आला,
खुर्ची ओढून बसला, विचारलं,
"मेंढ्यांना किती वेळ लागतो?"
"अर्धा तास," बुरुल म्हणाली.
"उठतात, ढेकर देतात, लेंड्या टाकतात."
आणि मोकळ्या हाताने रुमाल सारखा करत,
"मला आधी चहा द्या."